शुभंकराचा अर्थ आकृतीत असावा की पत्रकात?

कुंचला

कोणत्याही मोठ्या क्रीडास्पर्धेचा शुभंकर जाहीर झाला की त्याच्यासोबत एक पत्रक येते. त्याच्या डोळ्यांचा रंग काय सुचवतो, कपाळावरची रेघ कशाची आहे, मनगटावरचा पट्टा कोणत्या मूल्याचे प्रतीक आहे, हे सारे त्यात सविस्तर लिहिलेले असते. ते वाचून झाले की मी पत्रक बाजूला ठेवतो आणि फक्त चित्राकडे पाहतो. सांगितलेल्यापैकी चित्रात किती दिसते, हा माझ्या दृष्टीने शुभंकराच्या बऱ्यावाईटाचा निकष आहे. तो लावून पाहिला तर गेल्या साठेक वर्षांतले काही शुभंकर फार वरच्या पायरीवर जाऊन बसतात आणि काही, भरपूर गाजावाजा होऊनही, मागे पडतात. त्याविषयी माझे म्हणणे येथे मांडतो. चित्रकला, क्रीडा किंवा पोशाखनिर्मिती यांपैकी कशाशीही संबंध असलेल्या सभासदांनी त्यात अवश्य भर घालावी.

सुरुवात वाल्डीपासून करणे योग्य ठरेल. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी तयार झालेला हा डॅशहाउंड जातीचा कुत्रा म्हणजे ऑलिंपिकचा पहिला अधिकृत शुभंकर. त्या स्पर्धेच्या दृश्यरचनेची जबाबदारी ओट्ल आयखर यांच्याकडे होती. १९३६ नंतर जर्मनीत ऑलिंपिक प्रथमच भरत होते आणि १९३६ चे बर्लिन ऑलिंपिक म्हणजे नाझी सत्तेने मांडलेले आपल्या सामर्थ्याचे प्रदर्शन होते, हे जग विसरलेले नव्हते. आयखर यांच्या पत्नी इंगे शोल यांची भावंडे हान्स आणि सोफी यांना त्याच सत्तेने १९४३ मध्ये देहदंड दिला होता. आयखर यांनी संपूर्ण स्पर्धेसाठी जी रंगमाला ठरवली, तिच्यात नाझी ध्वजाची आठवण करून देणारे लाल आणि काळा हे रंग घेतलेच नाहीत. फिकट निळा, हिरवा, पिवळा, केशरी असे मोकळ्या हवेचे रंग दिशादर्शक फलकांवर आणि कर्मचाऱ्यांच्या गणवेशांवर दिसू लागले आणि तेच पट्टे होऊन वाल्डीच्या अंगावर आले. निळे डोके, निळी शेपटी, मधले लांबलचक पट्टेरी धड आणि आखूड पाय, एवढ्यात तो संपतो. गरुडासारखे दरारा उत्पन्न करणारे राष्ट्रचिन्ह हाताशी असताना जमिनीलगत चालणारा घरगुती कुत्रा पुढे करणे, हेच त्या निवडीचे सार आहे, आणि ते समजण्यासाठी एकही ओळ वाचावी लागत नाही. मॅरेथॉनचा मार्गही नकाशावर वाल्डीची आकृती दिसेल असा आखलेला होता. धावपटू शहरातून धावत असताना एका परीने तेच चित्र गिरवत होते. शुभंकर आणि स्पर्धा यांची याहून घट्ट सांगड मला दुसरीकडे आढळलेली नाही.

फुटबॉल विश्वचषकात शुभंकराची प्रथा १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये वर्ल्ड कप विली या सिंहाने सुरू झाली. तो बालसाहित्याची चित्रे काढणाऱ्या रेग हॉय यांनी काढला होता. विलीच्या अंगात ब्रिटनच्या ध्वजाचा सदरा आहे, यजमान संघ मात्र इंग्लंडचा होता. ही विसंगती बाजूला ठेवली तरी चेंडूमागे ऐटीत निघालेला सिंह पाहताक्षणी कळतो.

१९८८ च्या सोल ऑलिंपिकचा होदोरी हा वाघ किम ह्यून यांनी काढला. त्याच्या डोक्यावर कोरियातील शेतकरी नर्तकांची सांगमो नावाची टोपी आहे. नर्तक मान फिरवतो तशी या टोपीला जोडलेली लांब फीत हवेत वळणे घेते. होदोरीची फीत वळताना सोलच्या इंग्रजी आद्याक्षराचा आकार घेते. येथे परंपरा, गती आणि शहराचे नाव या तिन्ही गोष्टी एकाच रेषेने साधल्या आहेत. रेषा काढणाऱ्यांना यातले अवघडपण कळेल. फीत काढून टाकली तर उरतो तो कोणत्याही देशाचा वाघ.

आता दुसऱ्या टोकाला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचा वेनलॉक आणि पॅरालिंपिकचा मँडव्हिल पाहा. नावांमागचा इतिहास अस्सल आहे. मच वेनलॉक या गावात डॉ. विल्यम पेनी ब्रूक्स यांनी १८५० मध्ये सुरू केलेले खेळ आधुनिक ऑलिंपिकच्या प्रेरणांपैकी एक मानले जातात, तर स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गटमन यांनी १९४८ मध्ये भरवलेल्या स्पर्धेतून पॅरालिंपिक चळवळ उभी राहिली. परंतु चित्रात यांपैकी काय दिसते? पोलादाच्या थेंबांपासून बनलेले दोन चकचकीत जीव, प्रत्येकाला एकच मोठा डोळा, डोक्यावर लंडनच्या टॅक्सीचा दिवा. डोळा हा कॅमेरा आहे, थेंब स्टेडियमच्या पोलादातले आहेत, हे सगळे सांगितल्यावर कळते. सांगण्यासारखी इतकी चांगली गोष्ट हाताशी असून ती रेषेत उतरली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आपल्याला काय वाटते?

तिसरा पंच

विषय उत्तम निवडला आहे आणि वाल्डीविषयीचे विवेचन पटले. तरीही एक मुद्दा मांडतो. शुभंकराचा अर्थ चित्रकाराच्या हातून सुटल्यावरही घडत राहतो, आणि पुष्कळदा तोच अर्थ टिकतो.

म्युनिकचेच घ्या. जे रंग निर्भय, आनंदी जर्मनी दाखवण्यासाठी निवडले गेले, त्याच स्पर्धेत ५ सप्टेंबर १९७२ रोजी इस्रायलच्या पथकावर हल्ला झाला आणि त्या पथकातील ११ जण मारले गेले. आज वाल्डीकडे पाहताना ती घटना डोळ्यांसमोर येतेच. आयखर यांच्या रंगमालेत त्याची सोय असणे शक्य नव्हते.

मिशाचे उदाहरण याच्या उलट आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकसाठी व्हिक्टर चिझिकोव्ह यांनी हे अस्वलाचे पिल्लू काढले. पाश्चात्त्य व्यंगचित्रांत रशिया म्हणजे नखे परजलेले अस्वल, हा संकेत जुना आहे. चिझिकोव्ह लहान मुलांच्या पुस्तकांचे चित्रकार होते. त्यांनी तेच अस्वल गोल कानांचे, हसऱ्या चेहऱ्याचे, कमरेला ऑलिंपिक कड्यांची बक्कल असलेला पट्टा बांधलेले असे काढले आणि त्याला सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघायला लावले. येथवर आपला निकष लागू पडतो, कारण अर्थ आकृतीतच आहे. पण मिशा लोकांच्या मनात राहिला तो ३ ऑगस्ट १९८० च्या समारोपामुळे. प्रेक्षागृहातील लोकांनी रंगीत फलक धरून साकारलेल्या मिशाच्या चेहऱ्यावरून अश्रू ओघळला आणि त्यानंतर मैदानातला प्रचंड मिशा फुग्यांच्या आधाराने आकाशात निघून गेला. अमेरिकेसह अनेक देशांनी बहिष्कार टाकलेल्या स्पर्धेत यजमान देशाच्या सामान्य माणसाला काय वाटत होते, ते त्या अश्रूने सांगितले. हा अर्थ मूळ चित्रात नव्हता.

पुढे २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकमध्ये पांढरे अस्वल तीन शुभंकरांपैकी एक म्हणून आले, तेव्हा त्याचे डोळे, नाक आणि हसू आपल्या मिशावरून उचलले आहे, अशी तक्रार चिझिकोव्ह यांनी केली. समारोपात त्या अस्वलाने ज्योत विझवली आणि त्याच्याही डोळ्यातून अश्रू आला. चौतीस वर्षांनंतर आयोजकांना तोच अश्रू पुन्हा आणावासा वाटला, यावरून शुभंकराची खरी मालमत्ता कोणती होती ते कळते.

शिवणयंत्र

मी स्पर्धांसाठी आणि कार्यक्रमांसाठी शुभंकरांचे पोशाख तयार करते, त्यामुळे हा विषय मला कागदाच्या पलीकडून दिसतो. कुंचला यांनी आकृतीविषयी लिहिले, ते सगळे सपाट चित्राबद्दल आहे. मैदानात उतरतो तो मात्र फोम, कापड आणि जाळी यांचा बनलेला, आत माणूस असलेला शुभंकर. त्याचे नियम वेगळे असतात आणि चित्र मंजूर होण्यापूर्वी ते फार थोडे लोक विचारात घेतात.

पहिला प्रश्न आतल्या माणसाला दिसणार कोठून, हा असतो. शुभंकराचे डोळे सहसा आतल्या माणसाच्या डोक्याच्या बरेच वर येतात. म्हणून बहुतेक वेळा तोंडाच्या उघड्या भागात किंवा गळ्यापाशी गडद रंगाची जाळी बसवून तिच्यातून पाहावे लागते. चित्रकाराने तोंड मिटलेले काढले असेल तर पोशाख करणाऱ्याची पंचाईत होते, कारण जाळीसाठी दुसरीकडे कोठेतरी काळा भाग शोधावा लागतो आणि तो सापडला नाही तर चेहरा बदलतो. दुसरा प्रश्न खालच्या बाजूचा. जाळीतून समोरचे दिसते, पायांजवळचे दिसत नाही. लहान मुले मात्र नेमकी पायांजवळच येऊन उभी राहतात. त्यासाठी सोबत एक मदतनीस असावाच लागतो. तिसरा प्रश्न उकाड्याचा. जाड फोमच्या आत हवा खेळत नाही, घाम वाळत नाही, डोक्यात पंखा बसवला तरी तो तीच गरम हवा फिरवतो. ठरावीक वेळाने माणूस बदलावा लागतो, आणि बदललेल्या माणसाची चाल आधीच्यासारखीच दिसावी म्हणून त्यांचा एकत्र सराव घ्यावा लागतो. शुभंकर बोलत नाही याचे एक कारण हेही आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकचा पांडा बिंग ड्वेन ड्वेन एका वार्तांकनात प्रौढ पुरुषाच्या आवाजात बोलला, तेव्हा चिनी प्रेक्षकांना तो धक्का सहन झाला नव्हता.

बिंग ड्वेन ड्वेनचे डिझाइन मात्र मला फार आवडते. त्साओ श्वे यांच्या चमूने पांडाभोवती बर्फाचे पारदर्शक कवच कल्पिले. कवचामुळे चेहरा आणि शरीर यांच्यामध्ये मान उरली नाही, सगळा एकच गोलवा झाला. चित्रात आणि खेळण्यात हे विलक्षण गोड दिसते. पोशाखात त्याच गोलव्यामुळे आतल्या माणसाचे हात कोपरापासूनच बाहेर येतात, वाकता येत नाही, आणि त्या पोशाखातला पांडा एकदा दारात अडकल्याचे चित्रीकरण जगभर पाहिले गेले. लोकांना त्याचे कौतुक वाटले, कारण थंडीसाठी भरपूर गुंडाळलेले मूल असेच चालते. आकृती कोठे अडते यातूनही कधी कधी स्वभाव तयार होतो.

वाल्डीबद्दल माझे म्हणणे हे, की तो उभ्या माणसाच्या पोशाखात येऊच शकत नाही. आडवे धड हेच त्याचे सर्वस्व आहे. त्याला दोन पायांवर उभा केला की पट्टे उरतील आणि डॅशहाउंड नाहीसा होईल. आजच्या आयोजकांनी तो पहिल्याच बैठकीत नाकारला असता, कारण आज शुभंकर नाचला पाहिजे, मिठी मारू शकला पाहिजे, ही अट आधीच घातलेली असते. म्हणूनच आजचे पुष्कळसे शुभंकर मोठे डोके, आखूड पाय आणि चार बोटांचे पंजे या एकाच साच्यातून निघाल्यासारखे दिसतात.

अरण्यवाट

वरचे तिन्ही लेखन आवडीने वाचले. प्राणी शुभंकर म्हणून निवडला जातो तेव्हा त्या प्राण्याचे काय होते, यावर कोणीच बोललेले नाही, म्हणून लिहितो.

डिझाइनच्या दृष्टीने २०१४ च्या ब्राझील फुटबॉल विश्वचषकाचा फुलेको ही माझ्या मते अत्यंत चपखल निवड होती. तीन पट्ट्यांचा आर्मडिलो हा प्राणी संकट आले की अंग गुंडाळून घट्ट चेंडू बनतो. डोक्यावरचे आणि शेपटीवरचे कवचाचे तुकडे एकमेकांशेजारी असे बसतात की फट राहत नाही. म्हणजे फुटबॉलशी नाते जोडण्यासाठी चित्रकाराला त्याच्या हातात चेंडू द्यावा लागला नाही, प्राण्याच्या सवयीतच चेंडू होता. कुंचला यांच्या निकषावर यापेक्षा सरस उदाहरण शोधणे कठीण आहे. हा प्राणी ब्राझीलच्या ईशान्येकडील काटिंगा या कोरड्या झुडपी वनात राहतो आणि अधिवास घटल्यामुळे तो संकटग्रस्त आहे. स्पर्धेच्या वर्षी काही संशोधकांनी असे आवाहन केले, की विश्वचषकात होणाऱ्या प्रत्येक गोलमागे काटिंगाचे १,००० हेक्टर क्षेत्र संरक्षित करावे. फुलेकोची खेळणी जगभर विकली गेली. त्या प्राण्यासाठी पुरेसे काही झाले नाही, असे त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे म्हणणे राहिले, आणि ते मला रास्त वाटते. ज्याचा चेहरा वापरला, त्याला वाटा मिळणे हा डिझाइनच्या कराराचाच भाग मानला जावा.

आपल्याकडचा अप्पू याच संदर्भात आठवतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचा हा हत्ती आपल्या पिढीला किती जवळचा होता, हे येथे सांगण्याची गरज नाही. त्याच वर्षी दूरदर्शनवर रंगीत प्रक्षेपण आले आणि अप्पू घराघरांत पोहोचला. पुढे १९८४ मध्ये त्याच्या नावाने दिल्लीत अप्पू घर हे मनोरंजन उद्यान उघडले, ते २००८ पर्यंत चालले. चित्रामागचा जिवंत हत्ती मात्र केरळमधला कुट्टीनारायणन होता. त्याच्या पायाला लहानपणीच गंभीर इजा झाली, ती कधी पुरती बरी झाली नाही आणि २००५ मध्ये तो मरण पावला. उद्यानाचे नाव आठवणारे हजारो लोक भेटतात, त्या हत्तीचे नाव ठाऊक असलेले क्वचितच.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. आपल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांमध्ये यजमान राज्याचा राज्यप्राणी किंवा राज्यपक्षी घेण्याची रीत आता जवळजवळ ठरून गेली आहे. केरळने २०१५ मध्ये धनेश घेतला, गोव्याने २०२३ मध्ये गवा, उत्तराखंडने २०२५ मध्ये मोनाल. निवडीत गैर काही नाही. परंतु यादीतून प्राणी उचलला की त्या प्राण्याची कोणती हालचाल खेळाशी जुळते, हा प्रश्न विचारायचे राहून जाते. धनेशाची ती अवाढव्य चोच आणि तिच्यावरचे शिंगासारखे शिरस्त्राण, किंवा गव्याच्या खांद्यावरचा स्नायूंचा उंचवटा आणि पायांतले पांढरे मोजे, हे चित्रकाराला आयते मिळालेले धन आहे. त्याऐवजी टी-शर्ट घातलेला आणि अंगठा वर केलेला प्राणी पुढे येतो, तेव्हा हळहळ वाटते.

कुंचला

सर्वांचे आभार. शिवणयंत्र यांनी जाळीचा जो मुद्दा सांगितला, तो चित्रकला शिकवणाऱ्या प्रत्येक वर्गात सांगावा इतका मोलाचा आहे.

तिसरा पंच यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचा प्रयत्न करतो. समारोपातला अश्रू मूळ चित्रात नव्हता, हे खरे. पण तो अश्रू मिशाच्याच चेहऱ्यावर शोभला. तो वेनलॉकच्या कॅमेऱ्यातून आला असता तर कोणाला हुंदका फुटला नसता. लोक नंतर जो अर्थ देतात तो राहण्यासाठी आकृतीत जागा असावी लागते. चिझिकोव्ह यांनी मिशाला समोर बघायला लावले, ती ही जागा. १९९० च्या इटली विश्वचषकाचा चाओ मला चित्र म्हणून अतिशय धीट वाटतो. तिरंगी ठोकळ्यांचा तो मानव आणि डोक्याच्या जागी चेंडू. त्याला चेहराच नाही. तो बोधचिन्हासारखा लक्षात राहतो, सवंगड्यासारखा राहत नाही.

बार्सिलोनाच्या कोबीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मीच लिहितो. १९९२ च्या ऑलिंपिकसाठी हाविएर मारिस्काल यांनी कॅटलान मेंढपाळ कुत्रा घनवादी पद्धतीने, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक बाजू एकत्र दाखवणाऱ्या शैलीत, काढला. चेहरा वळलेला, पण दोन्ही डोळे आपल्याला दिसतात. रेषा जाड आणि मुद्दाम थरथरती. डोक्यावर मोजके तीन केस. हा कुत्रा आहे की आणखी काही, अशी टीका सुरुवातीला झाली आणि ती समजण्यासारखी होती, कारण त्या काळापर्यंत शुभंकर म्हणजे गोल रेषांचा, गुळगुळीत, लाडिक प्राणी, असे समीकरण बसले होते. स्पर्धा जवळ येत गेली तसतसे लोकांचे मत पालटले. ज्या शहराने पिकासोच्या तरुणपणाला आसरा दिला, त्या शहराने आपला शुभंकर घनवादी काढावा, हे बार्सिलोनाच्या रहिवाशांना पत्रकातून शिकवावे लागले नाही. अर्थ प्राण्याच्या जातीत नव्हता, रेषेच्या पद्धतीत होता. शुभंकरांच्या इतिहासात हे पाऊल मला वाल्डीइतकेच मोठे वाटते. कोणाला काढायचे हा प्रश्न सगळेच विचारतात, कसे काढायचे हा मारिस्काल यांनी विचारला.

नीलमोहर

शुभंकर निवडतो कोण, याचाही परिणाम आकृतीवर होतो, असे मला वाटते.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचा इझी याचे ठळक उदाहरण आहे. तो प्राणी नाही, माणूस नाही, वस्तू नाही, संगणकावर घडवलेला निळा आकार होता. बार्सिलोनाच्या समारोपात तो प्रथम लोकांसमोर आला. लोकांना तो कळला नाही, तेव्हा त्याचे नाव बदलले, त्याला नाक दिले, खालचे दात काढून टाकले. प्रत्येक दुरुस्ती टीकेला उत्तर म्हणून झाली आणि त्यामुळे शेवटच्या इझीत कोणाचाच ठाम हात दिसत नाही. सिडनीत २००० मध्ये याच्या उलट घडले. कुकाबुरा, प्लॅटिपस आणि एकिडना हे ऑस्ट्रेलियातले तीन प्राणी अधिकृत शुभंकर होते. त्यांच्याच जोडीला एका विनोदी दूरदर्शन कार्यक्रमाने आणलेला फॅट्सो हा थुलथुलीत वॉम्बॅट लोकांनी आपलासा केला आणि खेळाडू त्याला घेऊन विजयमंचावर चढले. अधिकृत तिघे विक्रीसाठी आहेत आणि हा आपला आहे, अशी लोकांची भावना झाली होती.

टोकियोने निवडीचा अधिकार प्राथमिक शाळांना दिला. आलेल्या २,०४२ प्रस्तावांतून तीन जोड्या उरल्या आणि जपानमधील २ लाखांहून अधिक वर्गांनी मतदान केले. नियम असा होता, की एका वर्गाला एक मत. म्हणजे वर्गात बसून चर्चा करायची, आपली आवड इतरांना पटवून द्यायची आणि मग एकमुखाने उत्तर कळवायचे. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी र्यो तानिगुची यांची जोडी विजयी ठरली. तिचीच नावे पुढे मिराइतोवा आणि सोमेइती अशी ठेवली गेली. मिराइतोवाच्या अंगावरची निळ्या चौकटींची नक्षी स्पर्धेच्या बोधचिन्हातूनच घेतलेली आहे, त्यामुळे वाल्डीप्रमाणे येथेही शुभंकर आणि बाकीची दृश्यरचना एकाच घरातली वाटते. सामान्य जनमत घेतले की सर्वांत गुळगुळीत पर्याय निवडून येतो, असे म्हणतात. वर्गाला मत देण्याच्या या पद्धतीत आधी बोलणे भाग पडले, आणि हीच गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुलांनी का निवडले, हे त्यांना सांगता येत होते.

धावपट्टी

मी दिव्यांग खेळाडूंना प्रशिक्षण देतो. अर्थ आकृतीत हवा की पत्रकात, हा प्रश्न पॅरालिंपिकच्या शुभंकराला सर्वांत जास्त लागू होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोबीचे कौतुक येथे झाले, पण त्याच मारिस्काल यांनी १९९२ च्या बार्सिलोना पॅरालिंपिकसाठी काढलेली पेट्रा फार थोड्यांना आठवते. पेट्रा ही दोन्ही हात नसलेली मुलगी आहे. कोणतेही साधन नाही, चाक नाही, कणव वाटावी असा भाव नाही. ती हसते आणि चालते. चित्रकाराने हात काढलेच नाहीत, आणि रेषा खांद्यावरून अशी सहज उतरते की काही राहून गेल्यासारखे वाटत नाही. १९९४ च्या लिलेहामर हिवाळी पॅरालिंपिकचा सोंड्रे हा एक पाय नसलेला ट्रोल, म्हणजे नॉर्वेच्या लोककथांतला राक्षस होता. त्यानंतर बराच काळ पॅरालिंपिकचे शुभंकर अग्निपक्षी, हिमकण, प्रकाशकिरण अशा कल्पनांकडे वळले. ते सुंदर होते, पण आमच्या खेळाडूंना त्यांच्यात स्वतःचे शरीर दिसत नव्हते.

२०२४ च्या पॅरिस स्पर्धेत 'फ्रीज' नावाचे शुभंकर आले. फ्रेंच राज्यक्रांतीत स्वातंत्र्याची खूण ठरलेली फ्रीजियन टोपी हाच त्यांचा देह. दोन्ही स्पर्धांचे शुभंकर एकाच आकाराचे, आणि पॅरालिंपिकच्या फ्रीजच्या एका पायाच्या जागी धावण्याचे पाते. हे पाते कार्बन तंतूंचे असते, त्याला टाच नसते. पाऊल पडले की ते दबते आणि उचलताना साठलेली ऊर्जा परत देते. चित्रात ते एका वळणदार रेषेने दाखवता येते, नखाएवढ्या आकारातही ओळखता येते, आणि पोशाख घातलेला माणूसही ते सहज वागवू शकतो. फरक एवढाच आणि तोही लपवलेला नाही, ही रचना मला अतिशय प्रामाणिक वाटली. २०२५ च्या दिल्लीतील जागतिक पॅरा अॅथलेटिक्स स्पर्धेचा विराज हे पाते लावलेले हत्तीचे पिल्लू होते. अरण्यवाट यांनी सांगितलेली कुट्टीनारायणनच्या पायाची हकीकत वाचून मला तो लगेच आठवला.

माझी एक अपेक्षा मात्र अपुरीच आहे. पाते रेखाटायला सोपे आणि दिसायला आकर्षक असल्यामुळे ते पुन्हा पुन्हा निवडले जाते. मी ज्यांना शिकवतो त्यांतील कितीतरी जण दृष्टिबाधित आहेत, कित्येकांना मेंदूचा पक्षाघात आहे. त्यांचे अपंगत्व बाह्यरेखेत येत नाही, म्हणून शुभंकरात येत नाही. यावर उपाय नाही असे नाही. १९८८ च्या सोल पॅरालिंपिकचा गोमदोरी म्हणजे एकमेकांचे पाय बांधून धावणारी दोन अस्वले होती. दृष्टिबाधित धावपटू आणि त्याचा वाटाड्या असेच धावतात. दोघांच्या हातांत आखूड दोरीचे एकेक टोक असते, पावले जुळवलेली असतात, वाटाड्या वळण आणि अंतर बोलून सांगतो, आणि अंतिम रेषेवर खेळाडूच्या आधी त्याने पोहोचायचे नसते, तसे झाले तर धाव बाद ठरते. दोन आकृत्या, मध्ये दोरी, आणि एक जण अर्धे पाऊल मागे. हे काळ्या छायाकृतीतही वाचता येईल. कुंचला, तुम्ही अशी जोडी काढून येथे दाखवाल का? वाटाड्याची मान धावपटूकडे किंचित वळलेली असते, आणि धावपटूची सरळ समोर असते, तेवढे लक्षात ठेवा.